गारकाकांचं घोडं

गारकाका कशालाही हात लावायचे तो उलटा. तळवा नाही, बोटांची मागची बाजू. आई पोराच्या कपाळाला लावून ताप बघते तशी. लिफ्टच्या मोटारीला, आमच्या मिक्सरला, कोणी नवा मोबाइल दाखवायला आणला तर त्यालाही. हात लावून झाला की क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "तापलंय. आधी गार होऊ दे." त्यांचं खरं आडनाव दाराच्या पाटीवर होतं, पण मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते वाचायची कोणाला गरज पडली नाही. ते गारकाका, आणि त्यांची बायको स्वभावाने अगदी उलट असूनही गारकाकू.

हे वेड नोकरीतून आलेलं. काका टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. तिथल्या यंत्रांच्या खोलीत बारा महिने एसी चालायचा. माणसांसाठी नव्हे, यंत्रांसाठी. त्यामुळे भर मे महिन्यात हातावर स्वेटर टाकून घामाघूम कामाला निघणारा मुलुंडमधला हा एकमेव माणूस असावा. "एसी बंद पडला ना, की लाइनीत खरखर यायला लागायची," ते सांगायचे. "यंत्र तापलं की स्वतःच बडबडायला लागतं. मग पलीकडचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही. माणसांचंही तसंच आहे बघ."

माणसांवर ते हा प्रयोग सर्रास करत. एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून दोघांची अशी जुंपली की खुर्च्या हलल्या. काका उठले, मधे उभे राहिले आणि म्हणाले, "हा विषय पुढच्या मीटिंगला. तोवर गार होऊ दे." पुढच्या मीटिंगपर्यंत त्यांतल्या एकाने गाडीच विकून टाकली होती. काकांना हा स्वतःच्या पद्धतीचा विजय वाटला. चहासुद्धा ते वर साय धरल्याशिवाय प्यायचे नाहीत. समोर काकू उकळता चहा फुंकर न मारता घशाखाली घालायच्या आणि त्यांच्या कपाकडे बघून तोंड वाकडं करायच्या. "आमच्या लग्नाचा होकारसुद्धा यांनी महिनाभर लांबवला," त्या मला सांगायच्या. "माझ्या वडिलांना वाटलं, पोरगी पसंत नाही. नंतर विचारलं तर म्हणतात कसे, पसंती गार होऊ देत होतो. गार झाल्यावरही उरली, मग कळवलं." काका यावर मनापासून हसायचे.

निवृत्त झाल्यावर लोक देवळात जायला लागतात किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होतात. काकांनी एक जुना डिजिटल कॅमेरा आणि एक दुर्बीण मिळवली आणि ते गच्चीवर जायला लागले. त्यांना एकच फोटो काढायचा होता. मृग नक्षत्रात बाणाचे तीन तारे असतात, त्यांतल्या एकाच्या खाली लाल वायूचा अंधूक पडदा आहे, आणि त्या पडद्यासमोर धुळीचा एक काळा ढग, बुद्धिबळातल्या घोड्याची मान दिसते तसा. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, काकांच्या दुर्बिणीलाही नाही. कॅमेऱ्याने खूप वेळ टक लावली तरच उमटतो. सगळ्यांनी सांगितलं, काका, वांगणीला जा, तिथे अंधार आहे. काकांना ते मान्य नव्हतं. "तिकडचं घोडं तिकडच्यांनी काढावं. मी जन्मलो मुलुंडला, नोकरी केली मुलुंडला. मला मुलुंडच्या गच्चीवरनं दिसणारं घोडं हवंय." जिन्यात कोणी भेटलं की विचारायचं, "काय काका, घोडं कुठे अडलंय?" आणि काका गंभीरपणे सांगायचे, "उकाड्यात."

ते खरंच होतं. इतक्या अंधूक गोष्टीचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा पडदा पाच-पाच मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात आतला सेन्सर तापतो आणि जिथे काहीच नाही तिथेही लाल-निळे ठिपके उमटवत सुटतो. फोटोवाले त्याला नॉइज म्हणतात. काकांचा शब्द एक्स्चेंजमधलाच होता, बडबड. मुंबईच्या हवेत कॅमेरा इतका बडबडायचा की घोडं त्यात कुठल्या कुठे हरवून जायचं. मग एके दिवशी काकांनी कॅमेरा उचलला आणि सरळ फ्रीजमध्ये ठेवला, दुधाचं पातेलं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्या मधे. जेवणं आटोपल्यावर तो बर्फासारखा गार कॅमेरा घेऊन ते गच्चीवर गेले आणि थोड्याच वेळात तो टॉवेलात गुंडाळून खाली आले. कॅमेऱ्याच्या काचेवर, बटणांवर, आत सेन्सरवर, सगळीकडे पाणीच पाणी. मी तेव्हा काकूंकडे विरजण मागायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्या समोरच घडलं.

"फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेर पाणी सुटतं," काकू म्हणाल्या, "हे घरातल्या कुठल्याही बाईला विचारायचं होतंत. नाहीतर आपल्या एक्स्चेंजमध्ये."

काकांनी कॅमेऱ्याला उलटा हात लावला. "गार झाला होता पण," एवढंच म्हणाले.

तो कॅमेरा पुन्हा चालू झाला नाही. काकूंनी फर्मान काढलं, यापुढे फ्रीजमध्ये अन्न सोडून काही दिसलं तर मी माहेरी निघून जाईन. त्यांच्या माहेरी तेव्हा कोणीच उरलेलं नव्हतं, पण काकांनी ते फर्मान शेवटपर्यंत पाळलं. पुढे दुसरा जुना कॅमेरा आला आणि काकांनी त्याच्यासाठी घरच बांधलं. थर्माकोलचा डबा, त्याला आतून अॅल्युमिनियमचा पत्रा, आणि वीज दिली की एका बाजूने गार पडणारी एक चौकोनी पट्टी, ऑफिसातल्या पाण्याच्या कूलरमध्ये असते तसली. तिची दुसरी बाजू तापते, ती थंड करायला कॉम्प्युटरचा पंखा. आतली थंडी दाखवणारा छोटा मीटर वायरने बाहेर लोंबकळायचा. अडचण राहिली ती दमटपणाची. त्यासाठी काकांनी सगळ्या सोसायटीला कामाला लावलं. नव्या बुटांच्या, पर्सच्या खोक्यात, औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या असतात ना, त्या कोणीही फेकायच्या नाहीत. वॉचमनच्या टेबलावरच्या बरणीत टाकायच्या. लोक टाकायचे. चपला घेतल्यावर बायका आधी पुडी शोधायच्या. बरणी भरली की काका ते खडे जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून कोरडे करायचे, आणि काकू शेजारच्या शेगडीवर भाजी करता करता म्हणायच्या, "मीठ बघा जरा."

माझा यात शिरकाव झाला तो माझ्या कामामुळे. मी त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहायचे आणि स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करते. नवऱ्यामुलीच्या गालावरची पुटकुळी, कुणा मामाच्या टकलावरची चमक, मागे डुलक्या देणारी आत्या, सगळं मी कॉम्प्युटरवर पुसून देते. काकांना ते कळल्यावर ते घोड्याचे फोटो घेऊन आले. मी दोन ठिपके चुटकीसरशी पुसून दाखवले. मला वाटलं खूश होतील. ते एकदम म्हणाले, "शिल्पा, पुसायचं नाही हं. वजा करायचं."

मला फरक कळेना. त्यांनी समजावलं. कॅमेऱ्याला टोपण लावायचं, आकाशाच्या फोटोला जेवढा वेळ दिला तेवढाच वेळ द्यायचा, कॅमेरा तेवढाच गार ठेवायचा आणि काळोखाचे फोटो काढायचे. त्यात आकाश नसतं, तारे नसतात. असते ती फक्त कॅमेऱ्याची स्वतःची बडबड. ती आकाशाच्या फोटोतून वजा केली की जे उरतं ते खरं. "तू हाताने पुसायला गेलीस तर बडबडीबरोबर एखादा तारा पण पुसशील," ते म्हणाले. "आणि वर कुठेतरी तुझ्या मनाचं घोडं काढून ठेवशील. मला घोडं नकोय सुंदर. मला आहे ते हवंय." मी इतकी वर्षं हे काम करतेय, पण माझ्या कामाची इतकी नेमकी आणि इतकी प्रेमळ निंदा दुसऱ्या कोणी केली नाही.

अशात आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बिल्डरचा माणूस चकचकीत पुस्तिका घेऊन आला. सगळे कार्पेट एरिया विचारत होते, काकांनी विचारलं, "गच्ची?"

"गच्ची काय अंकल, वर स्काय लाउंज आहे. लाइटिंग एकदम झकास. रात्रीचा दिवस होणार."

"वाट लागली," काका माझ्या कानात म्हणाले. सही मात्र त्यांनी मुकाट्याने केली, कारण काकूंच्या गुडघ्यांना लिफ्ट हवी होती आणि आमची जुनी लिफ्ट महिन्यातले निम्मे दिवस झोपलेली असायची. पण त्या दिवसापासून त्यांच्या हिशेबात एकच हिवाळा उरला. मृग नक्षत्र हिवाळ्यातच सोयीच्या वेळी वर येतं, उन्हाळ्यात घरं रिकामी करायची होती. शेजारचा टॉवर आधीच उभा राहिलेला. त्या टॉवरच्या आणि आमच्या पाण्याच्या टाकीच्या मधे जेवढी फट होती, तेवढ्यातून घोडं जाणार, तेवढ्याच वेळात काका त्याला पकडणार.

त्या हिवाळ्यात काकांना मी पहिल्यांदा घाईत पाहिलं. संध्याकाळी सातपासून डबा लावून बसायचे. कधी धुरकं आड यायचं, कधी टॉवरवाले कुठल्याशा पूजेसाठी दिव्यांच्या माळा सोडायचे. फेब्रुवारीत मात्र दोन-चार दिवस वारा पडला नाही आणि आकाश मुंबईच्या मानाने बरंच स्वच्छ झालं. मी रोज वर जायचे. काका मीटरवरचा आकडा दर थोड्या वेळाने मोठ्याने वाचायचे, "दोन अंश... दोन अंश... शाबास." शेवटच्या दिवशी कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर आम्ही दोघं डोकं लावून बसलो. ठिपक्यांच्या गर्दीमागे, अगदी पुसट, काहीतरी मान वाकवून उभं होतं.  काका हळूच म्हणाले, "आलंय गं."

"मग लगेच काळोखाचे फोटो काढून घेऊया ना," मी म्हटलं. "मी थांबते."

त्यांनी डब्याच्या पंख्याला उलटा हात लावला. "दमलाय बिचारा. गार होऊ दे त्याला. काळोखाचे काय, कधीही काढता येतील. त्यांना थोडंच आकाश लागतं?"

ते बरोबरच होतं, त्यांना आकाश लागत नव्हतं. पण दुसऱ्या दिवसापासून ढग आले, त्यापाठोपाठ खोकी आली, दोऱ्या आल्या, भंगारवाला आला. काका-काकूंनी भांडुपला तळमजल्यावर भाड्याने घर घेतलं, मी ठाण्याच्या बाजूला गेले. डबा भांडुपच्या कपाटावर जाऊन बसला. मी फोन केला की विचारायचे, काका, काळोख कधी काढताय? "अगं, या उकाड्यात डबा दोन अंशांवर येतच नाही. आठ-नऊवर अडून बसतो. थंडी पडू दे, मग एका बैठकीत काढू. घोडं काय पळून जातंय का?" इतके दिवस थांबलेल्या माणसाला अजून सहा महिन्यांचं काय ओझं. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मे महिन्यात एका दुपारी त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. काकूंनी रिक्षा बोलावते म्हटलं. काकांनी स्वतःच्या छातीला उलटा हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आत्ता या उन्हात कुठे? जरा गार होऊ दे. संध्याकाळी जाऊ." संध्याकाळी आम्ही सगळे हॉस्पिटलच्या बाहेर उभे होतो आणि डॉक्टरांचं काकूंना आत बोलावून जे सांगायचं ते सांगून झालं होतं. त्यांच्या "गार होऊ दे"वर मी इतक्या वेळा हसले आहे, की आता ते शब्द आठवले की मला स्वतःच्या हसण्याचाच राग येतो.

पंधरा-वीस दिवसांनी कॅमेऱ्यातलं कार्ड मी मागून घेतलं. वाटलं, काकूंना घोडं तरी द्यावं. काळोखाचे फोटो नव्हतेच. मी स्टुडिओत बसले आणि मला येतं तसं केलं. ठिपके पुसले, मान जरा ठळक केली, लाल पडदा जरा लाल केला. फ्रेम करून भांडुपला घेऊन गेले. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "हे यांनी काढलंय, की तू?"

 मी त्यांना सगळं सांगितलं. पुसणं आणि वजा करणं, टोपण, काळोख, दोन अंश. म्हटलं, डबा उकाड्यात तेवढा गार होत नाही, हिवाळ्यापर्यंत थांबायला हवं. थंडी पडली की मी येईन.

"फ्रीजमध्ये ठेव ना डबा," काकू म्हणाल्या.

"पाणी सुटेल, काकू. पहिल्या कॅमेऱ्याचं आठवतंय ना?"

"तो बाहेर आणला म्हणून सुटलं. आत ठेवून आतच काढ. काळोखाचेच फोटो ना? मग फ्रीजच्या दाराआड काय कमी काळोख असतो?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनाही आपण काय बोललो ते मागाहून कळलं असावं, कारण त्या उठल्या आणि फ्रीज रिकामा करायला लागल्या. दुधाचं पातेलं, दही, चटणीची वाटी, अर्धं लिंबू, सगळं ओट्यावर मांडलं. मी काकांच्या बरणीतले खडे तव्यावर परतून डब्यात भरले, कॅमेऱ्याला टोपण लावलं, वायरी दाराच्या रबरातून बाहेर काढल्या आणि दाराला चिकटपट्टी मारली. मीटर बाहेर लोंबत होता. आकडा खाली यायला लागला. नऊ, सात, चार. दोनवर येऊन थांबला तसं माझ्याच तोंडून निघालं, "शाबास."

मग आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून राहिलो. दर पाच मिनिटांनी फ्रीजच्या पोटातून खट्‌ असा आवाज यायचा आणि काकू मान वर करायच्या. बाहेर भर दुपार होती, कुठे प्रेशर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काकूंनी चहा केला. चहा पिता पिता त्यांनी त्या होकाराची गोष्ट पुन्हा सांगितली, पण या वेळी हसल्या नाहीत.

दार न उघडता वायरीवरूनच फोटो लॅपटॉपवर घेतले, वजाबाकी सुरू केली. माझा लॅपटॉप जुना, पंखा घरघरायला लागला. मी त्याच्या पाठीला हात लावला. उलटा. "तापलाय, काकू. जरा गार होऊ..."

"काही गार व्हायचं नाही!" काकू एवढ्या जोरात बोलल्या की मी हात मागे घेतला. "तापला तर तापू दे, जळला तर जळू दे. मी नवा घेऊन देईन. चालू ठेव. आत्ताच बघायचंय मला."

मी चालू ठेवलं. पडद्यावरचे ठिपके थरथरले आणि गेले. एकेक तारा आपापल्या जागी राहिला. माझ्या फ्रेममधल्यापेक्षा लाल रंग फिका होता, कडा पुसट होत्या, खालच्या कोपऱ्यात टॉवरच्या दिव्याची पिवळट झाक होती. आणि मधे, लहानसं, काळं, मान जराशी वाकवलेलं घोडं. मुलुंडचं.

काकू पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. "असंच दिसलं होतं यांना?"

"एवढं स्वच्छ नाही. बडबडीमागे होतं."

 मग त्यांनी वळून फ्रीजकडे पाहिलं. "हा इथेच होता गं," त्या म्हणाल्या. "रोज दहा वेळा उघडत होते मी. आणि हे कपाटावरच्या डब्याकडे बघत थंडीची वाट बघत होते. मी नको म्हटलं होतं म्हणून यांनी पुन्हा विचारलंसुद्धा नाही. एकदा विचारलं असतं तर मी काय खरंच माहेरी गेले असते?"

मी त्यांचा हात धरला. सुचलं तर मलाही नव्हतं, मीही फोनवर थंडीच्याच गप्पा मारत होते, ते त्यांना सांगितलं. त्याने त्यांचं दुःख कमी झालं असेल असं मला वाटत नाही. चिकटपट्टी काढून आम्ही दूध, दही, चटणी परत आत लावली. दूध अजून नासलेलं नव्हतं. एका दुपारचं काम होतं.